तिरसा : हक्क मागणारी मुलगी आणि सोडून दिलेली राजधानी

तिरसा हे नाव हिब्रू बायबलात 18 वेळा येते. त्यांपैकी 4 वेळा ते एका मुलीचे आहे आणि 14 वेळा एका शहराचे. मुलगी मनश्शेच्या वंशातल्या सलाफहादाची, पाच बहिणींच्या नेहमीच्या यादीत शेवटी येणारी. शहर म्हणजे शोमरोन वसण्याआधीची, उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी. दोन्ही प्रसंग मूळ ग्रंथात एकमेकांपासून इतके लांब आहेत की वाचणाऱ्याला त्यांचा संबंध सहसा जाणवत नाही. तरीही दोन्हींच्या मुळाशी मनश्शेच्या डोंगराळ मुलखातली जमीन आहे.

मुलीची गोष्ट ‘गणना’ या पुस्तकात येते. मिसरातून निघालेल्या इस्राएली लोकांचा तळ मवाबाच्या मैदानात, यार्देन नदीच्या पूर्वेला पडलेला आहे. दुसरी शिरगणती नुकतीच झाली आहे आणि नदीपलीकडची जमीन याच शिरगणतीतल्या नावांनुसार वाटली जाणार आहे. नावे अर्थातच पुरुषांची. सलाफहाद रानातल्या प्रवासात मरण पावला होता आणि त्याला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या त्याच्या पाच मुली. त्या मोशे, याजक एलाजार, वंशांचे सरदार आणि सारी मंडळी यांच्यापुढे दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या. त्यांचा युक्तिवाद नेमका होता. आपला बाप मोशेविरुद्धच्या कोरहाच्या बंडात सामील नव्हता, तो स्वतःच्या पापाने मेला. म्हणजे त्याचा हिस्सा जप्त होण्याचे कारण नाही. मग केवळ मुलगा नाही एवढ्यासाठी त्याचे नाव कुळातून का पुसले जावे? चुलत्यांबरोबर आम्हालाही वाटा द्या, एवढीच त्यांची मागणी होती.

मोशेने निकाल स्वतः दिला नाही, त्याने प्रकरण परमेश्वरापुढे नेले. उत्तर मुलींच्या बाजूने आले आणि त्यावरून कायमचा नियम ठरला. मुलगा नसेल तर वारसा मुलीला. मुलगी नसेल तर भावांना. भाऊ नसतील तर बापाच्या भावांना. तेही नसतील तर कुळातल्या सर्वांत जवळच्या नातलगाला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मुलगा असताना मुलीला वाटा मिळतो, असे हा नियम कुठेही म्हणत नाही. मुलींना मिळाले ते बापाचे नाव जमिनीवर टिकवण्याचे काम. मुलींच्या हक्काची सनद म्हणून हा उतारा पुष्कळदा पुढे केला जातो, पण तो तसा वाचणे अर्धवट ठरते.

हे अर्धवटपण त्याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात उघड होते. गिलादी कुळातले वडीलधारे मोशेकडे आले आणि त्यांनी अडचण मांडली. या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर जमीन त्यांच्याबरोबर त्या वंशात जाईल आणि मनश्शेचा हिस्सा कमी होईल. निकाल असा झाला की मुलींनी मनास येईल त्याच्याशी लग्न करावे, मात्र तो बापाच्याच वंशातल्या कुळाचा असावा. पाचही जणींनी आपल्या चुलत्यांच्या मुलांशी लग्ने केली. या शेवटच्या उल्लेखात नावांचा क्रम मात्र बदलतो. महला, तिरसा, होग्ला, मिल्का, नोआ असा तो क्रम आहे. एरवी शेवटी येणारी तिरसा इथे दुसरी आली आहे. यहुदी भाष्यकारांनी या बदलावर बरीच चर्चा केली. एका ठिकाणी क्रम वयाचा आणि दुसऱ्या ठिकाणी बुद्धीचा, किंवा पाचही जणी सारख्याच योग्यतेच्या, अशी स्पष्टीकरणे त्यातून आली.

‘यहोशवा’च्या पुस्तकात हा निकाल प्रत्यक्षात उतरतो. मुली पुन्हा एलाजार, यहोशवा आणि सरदार यांच्यापुढे येतात, जुन्या आज्ञेची आठवण देतात आणि आपला वाटा घेतात. त्या ठिकाणचा हिशोब बघण्यासारखा आहे. यार्देनपलीकडचे गिलाद आणि बाशान सोडून मनश्शेला 10 वाटे पडले. मनश्शेच्या या शाखेतली घराणी सहा : अबियेजर, हेलेक, अस्रीएल, शखेम, हेफेर आणि शमीदा. हेफेर हा सलाफहादाचा बाप. त्याचे घराणे वगळून पाच वाटे उरतात आणि हेफेराच्या जागी त्याच्या पाच नाती धरल्या की बेरीज बरोबर 10 होते. भावांना जेवढे वाटे, तेवढेच या बहिणींना. घरगुती वाटणीत असा हिशोब बसणे कठीणच. तो बसतो तेव्हा यादीतली नावे माणसांपेक्षा मुलखांची असावीत, अशी शंका येते.

शंकेला आधार आहे. शखेम हे घराण्याचे नाव आहे आणि त्या डोंगराळ प्रदेशातल्या एका जुन्या नगराचेही. ‘यहोशवा’च्याच 12व्या अध्यायात यार्देनच्या पश्चिमेच्या 31 पराभूत राजांची यादी आहे, तीत हेफेरचा राजा आहे आणि अगदी शेवटी तिरसाचा राजा आहे. म्हणजे ग्रंथाच्या आपल्याच हिशोबाप्रमाणे सलाफहादाच्या मुलीला जमीन मिळण्याआधी त्या नावाचे कनानी नगर आणि त्याचा राजा अस्तित्वात होता.

निर्णायक पुरावा मात्र ग्रंथाबाहेरून आला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पथकाने 1908 ते 1910 या काळात शोमरोन येथे उत्खनन केले. 1910 मध्ये तिथल्या राजवाड्याच्या आवारात शाईने लिहिलेली खापरे सापडली. एकूण 102 खापरांपैकी 63 वाचता येण्याजोगी होती. इ.स.पू. आठव्या शतकातल्या या नोंदी आहेत : अमुक वर्षी, अमुक ठिकाणाहून, अमुक माणसासाठी जुन्या द्राक्षारसाचा रांजण किंवा शुद्ध तेलाचा रांजण. वर्षे 9वे, 10वे आणि 15वे अशी आहेत. राजाचे नाव नाही. अनेक नोंदींत गावाच्या आधी परगण्याचे नाव येते. हे परगणे सात आहेत : अबियेजर, हेलेक, अस्रीएल, शखेम, शमीदा, होग्ला आणि नोआ. पहिली पाच नावे मनश्शेच्या घराण्यांची आणि उरलेली दोन सलाफहादाच्या मुलींची! हेफेर या नावाचा परगणा त्या खापरांत नाही, आणि ‘यहोशवा’तला हिशोबही नेमका तेच सांगतो. आजोबांच्या जागी नाती आल्या होत्या. राजाच्या कोठाराचा कारकून होग्ला लिहीत होता तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे द्राक्षमळ्यांचा एक मुलूख होता. आपण ज्याला वंशावळ म्हणून वाचतो, तो त्या मुलखातल्या लोकांचा सातबारा होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

महला, मिल्का आणि तिरसा ही तीन नावे त्या खापरांत आढळत नाहीत. परंतु तिरसा हे नगर असल्याचे राजांच्या इतिहासावरून पक्के आहे. तेव्हा पाचपैकी तीन बहिणींची नावे भूगोलात सापडतात. आधी मुलगी की आधी गाव, या प्रश्नावर बहुतेक आधुनिक अभ्यासकांचा कल गावाकडे आहे. मनश्शेच्या उत्तर भागातल्या या वस्त्या वंशाशी जोडल्या गेल्या त्या मुलींच्या रूपाने, आणि त्यांच्या हिश्श्याचे समर्थन म्हणून वारसाहक्काची कथा सांगितली गेली, असे त्यांचे म्हणणे आहे. यामुळे कथेचे मोल कमी होत नाही. नियम खरोखर पाळला जात असावा, म्हणूनच तो समर्थनासाठी वापरता आला.

शहराचा इतिहास सुरू होतो तो राज्य फुटल्यानंतर. इ.स.पू. 930च्या सुमारास शलमोन मरण पावला. त्याचा मुलगा रहबाम याच्याकडे दक्षिणेतला यहूदा राहिला आणि उत्तरेचे वंश यराबामाच्या मागे गेले. यराबामाने आधी शखेम बांधले, मग यार्देनपलीकडे पनुएल बांधले. याच सुमारास मिसरचा राजा शिशक, म्हणजे पहिला शेशोंक, याने पॅलेस्टाइनवर स्वारी केली आणि जिंकलेल्या ठिकाणांची यादी कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवली. तीत यार्देन खोऱ्यातली नावे आहेत. एक झिजलेले नाव तिरसा असे काहींनी वाचले आहे, पण ते वाचन वादग्रस्त आहे. यराबाम तिरसाला केव्हा आला हे ग्रंथ सांगत नाही. त्याचा मुलगा अबीया आजारी पडला तेव्हा राणी वेष पालटून शिलोच्या आंधळ्या संदेष्ट्या अहीयाकडे गेली. तू नगरात पाऊल टाकशील तेव्हा मूल मरेल, असे त्याने सांगितले. ती परतली ती तिरसाला, आणि उंबऱ्यावर पाय ठेवताच मूल मेले. राजघराण्याचे बिऱ्हाड तिरसाला होते, हे आपल्याला या एका वाक्यातून कळते.

पुढच्या तीसेक वर्षांत या नगरात जे घडले ते थोडक्यात सांगता येते, कारण ते पुन्हा पुन्हा तेच आहे. यराबामाचा मुलगा नादाब दोन वर्षेही टिकला नाही. पलिष्ट्यांच्या गिब्बथोनला वेढा घातलेला असताना इस्साखार वंशातल्या बाशाने त्याला ठार केले आणि यराबामाचे सारे घराणे कापून काढले. बाशाने तिरसाहून 24 वर्षे राज्य केले. यहूदाची कोंडी करण्यासाठी त्याने यरुशलेमच्या उत्तरेला रामा येथे तटबंदी उभारायला घेतली. तेव्हा यहूदाचा राजा आसा याने मंदिराचे सोनेरुपे दिमिष्कच्या बेन-हदादाकडे पाठवून त्याला उत्तरेकडून हल्ला करायला लावले. बाशा काम अर्धवट टाकून तिरसाला परतला. तिथेच तो मेला आणि तिथेच त्याला पुरले.

त्याचा मुलगा एला याची अखेर कारभारी अर्साच्या घरी झाली. सैन्य पुन्हा गिब्बथोनच्या वेढ्यात अडकले होते. बापाने ज्या गावाच्या वेढ्यात गादी मिळवली, ते चोवीस-पंचवीस वर्षांनंतरही पडलेले नव्हते. राजा मात्र तिरसात दारू पिऊन तर्र झाला होता. अर्ध्या रथदळाचा सरदार जिम्री आत शिरला, त्याने राजाला मारले आणि बाशाच्या घराण्यातला एकही पुरुष शिल्लक ठेवला नाही. बातमी छावणीत पोचली त्याच दिवशी सैन्याने आपला सेनापती अम्री याला राजा केले. अम्री वेढा उठवून तिरसावर चालून आला. नगर पडले असे दिसताच जिम्री राजवाड्याच्या बालेकिल्ल्यात शिरला, वाडा पेटवला आणि त्यातच जळून मेला. त्याने राज्य केले ते अवघे सात दिवस. तरीही ‘राजे’ या पुस्तकाचा लेखक, जवळजवळ प्रत्येक उत्तरी राजाबद्दल देतो तोच शेरा, तो यराबामाच्या मार्गाने चालला हा, जिम्रीलाही देतो. सात दिवसांत कोणाच्याही मार्गाने फार लांब चालता येत नाही, पण लेखकाच्या चौकटीत सवलत नव्हती. जिम्रीचे नाव पुढे धनीघातक्याची शिवी बनले. काही दशकांनी येहू नावाच्या सरदाराने राजाचा खून केला, तेव्हा खिडकीतून ईजबेल राणीने त्याला याच नावाने हिणवले.

जिम्री मेला तरी तिरसाला शांतता मिळाली नाही. अर्धे लोक अम्रीच्या मागे गेले आणि अर्धे गीनथाचा मुलगा तिब्नी याच्या. हे किती काळ चालले ते ग्रंथ थेट सांगत नाही, पण त्याच्या सनावळीतून काढता येते. जिम्रीचे सात दिवस आसाच्या 27व्या वर्षातले आणि अम्रीच्या राज्याचा आरंभ आसाच्या 31व्या वर्षातला. मधली चार वर्षे यादवीची. तिब्नी कसा मेला, यावर लेखक गप्प आहे. तो मेला आणि अम्री राजा झाला, एवढेच वाक्य आहे.

अम्रीच्या 12 वर्षांपैकी 6 तिरसात गेली. मग त्याने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार वजनाच्या रुप्याला एक मोकळी टेकडी विकत घेतली आणि तिच्यावर शोमरोन वसवले. साल साधारण इ.स.पू. 880. कारण ग्रंथात नाही, नकाशात आहे. तिरसाचे पाणी आणि तिरसाची वाट पूर्वेला, वादी फारा या खोऱ्याच्या उतरणीने यार्देनकडे जाते. शोमरोनचे तोंड पश्चिमेला, किनाऱ्याकडे आणि फिनिशियन बंदरांकडे. अम्रीचा मुलगा अहाब याने सीदोनच्या राजाची मुलगी ईजबेल हिच्याशी लग्न केले, ते याच धोरणाला धरून होते. शिवाय जळालेला वाडा, कापलेली दोन राजघराणी आणि यादवीच्या जखमा असलेले शहर नव्या राजाला नकोसे वाटले असेल तर नवल नाही. ग्रंथ अम्रीला आठ वचनांत गुंडाळतो. अश्शूरी लेखांत मात्र त्याचे घराणे गेल्यानंतरही इस्राएल ‘अम्रीचे घर’ म्हणूनच ओळखले जाते, आणि 1868 मध्ये उजेडात आलेल्या मवाबी राजा मेशाच्या शिलालेखातही अम्रीचे नाव आहे.

राजकारणात तिरसा आणखी एकदाच डोके वर काढते. इ.स.पू. 750च्या थोडे नंतर शल्लूम आधीच्या राजाचा खून करून शोमरोनमध्ये राजा झाला. महिनाभरात गादी नावाच्या माणसाचा मुलगा मनहेम तिरसाहून वर आला, त्याने शल्लूमाला मारले आणि स्वतः राजा झाला. म्हणजे राजधानी गेल्यावरही तिरसात एखादा सरदार फौजेनिशी असे.

‘गीतरत्न’ या प्रेमकाव्यात प्रियेच्या रूपाची तुलना एकाच वचनात तिरसाशी आणि यरुशलेमाशी केली आहे. शोमरोनचे नाव नाही, म्हणून हे काव्य इ.स.पू. 880 पूर्वीचे असावे असा तर्क काहींनी केला. तो टिकणारा नाही; त्याच काव्यात फार्सी मुळाचा शब्द आहे, जो इराणी अमलाच्या आधी हिब्रूत येणे कठीण. जुन्या राजधानीचे नाव कवीने मुद्दाम उचलले असणार. मराठी वाचकांपैकी अनेकांना हे नाव वेगळ्याच वाटेने भेटले असेल : ल्यू वॉलेसच्या 1880च्या ‘बेन-हर’ कादंबरीत आणि तिच्यावरच्या 1959च्या चित्रपटात नायकाची कुष्ठरोगाने पछाडलेली बहीण तिरसाच आहे.

नगराची जागा मात्र लोक विसरून गेले होते. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी तल्लूझा, तयासीर अशी नावे सुचवली. 1931 मध्ये विल्यम ऑलब्राइटने नाबलुसच्या ईशान्येला सुमारे 10 किलोमीटरवरचे तेल अल-फारा हे टेकाड पुढे केले. टेकाडाच्या पायथ्याशी बारमाही झरे आहेत आणि तिथूनच वादी फारा सुरू होते. जेरुसलेमच्या ‘एकोल बिब्लिक’चे डॉमिनिकन पाद्री रोलाँ द व्हो यांनी 1946 ते 1960 या काळात तिथे नऊ हंगाम खोदकाम केले. हेच द व्हो पुढे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांमुळे प्रसिद्ध झाले.

टेकाडात नवाश्मयुगापासूनची वस्ती निघाली. कांस्ययुगाच्या आरंभी तिथे तट आणि वेशीचे बुरूज असलेले शहर होते. ते ओस पडले आणि कित्येक शतकांनी पुन्हा वसले. लोहयुगाचे थर तिरसाच्या कहाणीशी जुळतात, असे द व्हो यांचे मत होते. आधी जवळजवळ सारख्या आकाराच्या घरांची नीट आखलेली वस्ती, मग तिचा नाश. त्यावर एका मोठ्या इमारतीचा पाया आणि अर्धवट भिंती, ज्यांचे बांधकाम कधी पुरे झालेच नाही. हा अम्रीने सुरू करून शोमरोनसाठी सोडून दिलेला वाडा, असे त्यांनी मांडले. त्यावरचा आठव्या शतकाचा थर पुन्हा भरभराटीचा आहे, पण आता एका बाजूला ऐसपैस घरे आणि भिंतीपलीकडे दाटीवाटीची खोपटी. आमोस संदेष्ट्याने ज्या विषमतेवर कोरडे ओढले, ती द व्हो यांना इथे दिसली. पुढे इ.स.पू. 720च्या आगेमागे अश्शूरी स्वारीत हे गाव उद्ध्वस्त झाले.

ही जुळणी सगळ्यांना मान्य नाही. आलाँ शाँबों यांनी 1984 मध्ये लोहयुगाचे थर सविस्तर प्रसिद्ध केले, आणि 2012 मध्ये इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी त्यांचा नव्याने अर्थ लावला. फिंकेलस्टाइन यांच्या मते यराबाम-बाशाच्या काळचे तिरसा हे तटबंदी नसलेले लहानसे गाव होते. तसे असेल तर उत्तरेचे पहिले राजे मोठ्या शहरातून कारभार करत नव्हते. डोंगरातल्या एका लहान वस्तीतून मुलूख सांभाळत होते. पाठोपाठचे खून आणि सात दिवसांची राजवट लक्षात घेतली तर फिंकेलस्टाइन यांचे चित्र अधिक पटण्यासारखे आहे.

2017 पासून एका स्पॅनिश-पोर्तुगीज पथकाने पॅलेस्टिनी पुरातत्त्व खात्याच्या साहाय्याने तेल अल-फाराचे काम पुन्हा हाती घेतले. या टेकाडाची तिरसा ही ओळख शिलालेखावर नव्हे, तर स्थान आणि थरांच्या जुळणीवर उभी आहे. बहुतेक अभ्यासक ती आज स्वीकारतात.